वेंगुर्ला ते होन्नावर: सर्फिंगचे स्पॉट ओळखायचे कसे, आणि त्यांना ओळख मिळवून द्यायची कशी

मतलई

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून बोर्ड टपावर बांधून चोर्ला नाहीतर आंबोली घाट उतरणारी मंडळी वाढतायत. बहुतेकांची गाडी हरमल, मांद्रे, अश्वे इथल्या सर्फ स्कूलशी थांबते आणि "लाटच नव्हती" म्हणत परत वर येते. लाट असते. दोन-चार किलोमीटरवर दुसऱ्या खाडीच्या तोंडाशी किंवा खडपाच्या आडोशाला ती फुटत असते, फक्त तिकडं बघायची सवय नसते. म्हणून हा धागा. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, तेरेखोल, गोवा, माजाळी, कारवार, गोकर्ण, होन्नावर एवढ्या पट्ट्यापुरतं बोलू.

आधी किनाऱ्याचा स्वभाव. जून ते सप्टेंबर हा किनारा सतत मार खातो. खोल पाण्यात लाटेची उंची दोन ते चार मीटर, वादळी दिवसांत त्याहून जास्त. त्या चार महिन्यांत पुळण खरवडली जाते आणि ती वाळू आत जाऊन दांडा, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उंचवटा, बनून बसते. पाऊस सरला की लहान, सावकाश येणाऱ्या लाटा तीच वाळू थोडी थोडी किनाऱ्याला परत आणून टाकतात. वाळूवरचा स्पॉट म्हणजे त्या दांड्याचा त्या महिन्यातला आकार. ऑक्टोबरात पाहिलेला स्पॉट मार्चमध्ये तिथंच असेल असं धरून चालू नका. खडपावरचे आणि डोंगराच्या नाकाडावरचे स्पॉट तेवढे जागा सोडत नाहीत. तिसरा प्रकार खाडीच्या तोंडाचा. तो सर्वांत चांगला आणि सर्वांत धोक्याचा.

बघायचं कसं: ओहोटीच्या वेळी उंच जागेवरून निदान अर्धा तास. सदाशिवगडाचा डोंगर, तेरेखोलचा किल्ला, गोकर्णाला कुडले आणि ओम या किनाऱ्यांच्या मधला कडा, या जागा त्यासाठी उत्तम. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट ते दीडपट खोल पाण्यात फुटते. म्हणजे सव्वा मीटरची लाट जिथं पांढरी होते तिथं पाणी सुमारे १.६ मीटर. हे लक्षात ठेवलं तर पांढऱ्या रेषा बघून पाण्याखालचा दांडा डोळ्यांसमोर उभा राहतो. शंभर मीटरची लाट एका क्षणात अख्खी कोसळत असेल तर ती जागा सोडा. एका टोकाला फुटायला सुरुवात होऊन फेस सावकाश दुसऱ्या टोकाकडं सरकत असेल, आणि दर चार-पाच लाटांना तेच त्याच जागी होत असेल, तर तो स्पॉट.

---

टिळकवाडीकर

मतलईदादा, छान सुरुवात. एक अडचण कायम येते. ॲपवर १.२ मीटर दिसतं म्हणून पहाटे निघावं, तर एकदा पाणी नुसतं खळबळलेलं असतं आणि दुसऱ्या वेळी तेवढ्याच आकड्याला लाट अंगावर कोसळते. आकडा सारखा असताना एवढा फरक का पडतो?

---

मतलई

टिळकवाडीकर, उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो, तो आधी बघा. एक माथा गेल्यापासून दुसरा माथा येईपर्यंतचा वेळ, म्हणजे आवर्तकाल. पाच-सहा सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेलं पाणी. बारा-चौदा सेकंद म्हणजे हजारो किलोमीटर दूरच्या वादळातून आलेली लाट.

हिशोब सोपा आहे. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये = १.५६ × सेकंदांचा वर्ग. सहा सेकंदांची लाट ५६ मीटर लांब, चौदा सेकंदांची ३०६ मीटर. लाटेला तळ जाणवतो तो तिच्या निम्म्या लांबीएवढ्या खोलीवर. सहा सेकंदांच्या लाटेला अठ्ठावीस मीटरवर, चौदा सेकंदांच्या लाटेला दीडशे मीटरवर. त्यामुळं लांब लाट किनाऱ्यापासून फार आधी वळायला लागते, नाकाडांना वळसा घालून आत येते आणि उथळ पाण्यात उंच होते. ताकदही वेगळी: उंचीचा वर्ग गुणिले सेकंद असा ढोबळ हिशोब धरला तर त्याच १.२ मीटरला चौदा सेकंदांची लाट सहा सेकंदांच्या लाटेच्या सव्वादोनपटीहून जास्त ताकद घेऊन येते. नवशिक्यांनी १.२ मीटर आणि चौदा सेकंद दिसलं तर उघड्या किनाऱ्यावर उतरूच नये, आडोशाचा बाव (आत वळलेला किनारा) शोधावा.

या लांब लाटा येतात दक्षिण हिंदी महासागरातून, चाळीस ते पन्नास अक्षांशांच्या वादळी पट्ट्यातून. त्यांचा कळप ताशी साधारण २.८ × सेकंद एवढे किलोमीटर चालतो. चौदा सेकंदांचा कळप ताशी ३९ किलोमीटर, अठरा सेकंदांचा ५०. साडेसहा हजार किलोमीटरचं अंतर कापायला पाच ते सात दिवस लागतात. लांब लाट आधी पोचते, म्हणून पहिल्या दिवशी ॲपवर उंची अर्धा मीटर आणि काल अठरा सेकंद दिसतो. उंची बघून लोक घरी बसतात. पुढच्या दोन दिवसांत सेकंद सोळा, चौदा असे उतरत जातात आणि उंची चढत जाते. निघायचा दिवस तो.

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज मोफत मिळतो. उंच लाटांचा इशाराही तेच देतात. ॲप काहीही दाखवू दे, इन्कॉइसचा इशारा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. केरळात ज्याला कल्लक्कडल म्हणतात तो प्रकार हाच: वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि समुद्र अचानक रस्त्यावर येतो. मे २०२४ च्या सुरुवातीला असाच इशारा होता आणि कन्याकुमारी जिल्ह्यात माणसं वाहून गेली.

एक गैरसमज आपल्याकडं फार आहे. कणकुंबी-जांबोटीला पाऊस कोसळतोय म्हणजे खाली समुद्र मोठा, असं नाही. घाटातला पाऊस डोंगराने अडवलेल्या ढगांचा. लाट ठरते ती समुद्रावरच्या वाऱ्याने, तो किती जोराचा, किती वेळ आणि किती लांब पट्ट्यावर वाहिला यावर.

---

सदाशिवगडकर

वाऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, आणि आमच्या किनाऱ्यावर निम्मा खेळ वाऱ्याचा हाय.

पाऊस गेल्यानंतर, साधारण ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत, पहाटे जमिनीकडून समुद्राकडं वारा सुटतो. तो मतलई. लाटेच्या तोंडावर तो समोरून लागतो, लाट उभी राहते, उशिरा फुटते, पाणी काचेसारखं होतंय. नऊ-दहा वाजले की तो पडतो. अकरानंतर खारा वारा चढतो, दुपारी वायव्येकडून जोर धरतो आणि लाटेचा माथा विस्कटून टाकतो. बेळगावातून सकाळी नाश्ता करून निघालात तर पोचेपर्यंत खेळ संपला. पहाटे तीनला निघा, किंवा आदल्या रात्री खाली येऊन राहा. घाटात रात्री धुकं असतंय, ते धरून वेळ काढा.

भरती-ओहोटीला मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतंय, पण बेत आखायला पुरतं. आता हे जुळवून बघा: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारकडं, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला. मतलई आणि खोल ओहोटी एकाच वेळी. दांडे बघायला याहून चांगली वेळ नाही. अष्टमीला भांगाचं पाणी, चढउतार कमी, दिवसभर स्पॉट फार बदलत नाही. शिकणाऱ्यांनी भांगाचे दिवस धरावेत.

कारवारबद्दल स्पष्ट सांगतो. शहराच्या पुळणीवर लाट शोधत बसू नका. उपसागराच्या तोंडाशी कूर्मगड, देवगड ही बेटं आहेत, दक्षिणेला डोंगराचं नाकाड आणि बंदर. नैऋत्येची लाट आत येईपर्यंत दमून जाते. काळी नदीच्या उत्तरेला देवबाग आणि माजाळी जास्त उघडी आहेत. कारवारच्या दक्षिणेला अर्गा, अंजदीवकडचा भाग नौदलाचा. तिथं बोर्ड काय, कॅमेरा घेऊनही थांबू नका.

आणि रापण. किनाऱ्याला दोन दोर दिसले आणि माणसं ओढताना दिसली तर त्या दोन दोरांच्या मधल्या पाण्यात जायचं नाही, जाळं बाहेर येईपर्यंत थांबायचं. तासभर लागतो. आधी तांडेलाला, म्हणजे त्यांच्या म्होरक्याला, विचारलं तर तो स्वतः सांगतो कुठं दांडा पडलाय, कुठं पाणी ओढतंय. तो रोज बघतो.

---

टिळकवाडीकर

काका, ओढीचं पाणी वरून कसं ओळखायचं? आणि लागलंच तर?

---

सदाशिवगडकर

फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत जिथं खिंड दिसते, म्हणजे दोन्ही बाजूंना पांढरं आणि मधे गडद, शांत पाणी, ती ओढीची वाट. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो, कारण तिथं लाट नसते. बारकाईनं बघा: त्या पट्ट्यात फेस, काड्या, गढूळपणा समुद्राकडं सरकत असतो. एक मूठ सुकं गवत टाकून बघितलं तरी कळतंय. जोराची ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते, पट्टीचा पोहणाराही तिच्याविरुद्ध टिकत नाही.

लागली तर बोर्ड सोडायचा नाही. किनाऱ्याकडं तोंड करून झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर, जिकडं पांढरं दिसतंय तिकडं हात मारायचे. पांढरं म्हणजे उथळ, तिथली लाटच बाहेर ढकलते. खाडीच्या तोंडाशी मात्र हा उपाय नीट लागू पडत नाही. तिथं ओहोटीचं अख्ख्या खाडीचं पाणी बाहेर पडत असतंय. काळी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती, चारींच्या तोंडाशी नियम एकच: भरतीच्या शेवटच्या दोन तासांतच, आणि पाणी फिरायच्या आत बाहेर.

---

खानापूरवाला

या धाग्यात एक गोष्ट यायलाच हवी, कारण ती आपल्या बांधावरची आहे. या लाटा ज्या वाळूवर फुटतात त्यातली बरीच वाळू नद्यांनी खाली नेलेली. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावते आणि मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. काळी जोयड्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते आणि सदाशिवगडाखाली मिळते. म्हणजे वर नदीत जे होतं ते खाली दांड्यावर दिसतं.

काळीवर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणांची माळ आहे. शरावतीवर १९६४ पासून लिंगनमक्की. धरणात पाणी थांबतं तशी वाळूही थांबते. गाळ तळाला बसतो आणि खाली सोडलं जाणारं पाणी वाळूविना जातं. गंगावळी आणि अघनाशिनी या दोन नद्यांवर असं मोठं धरण नाही. गोकर्णाच्या उत्तरेला गंगावळीचं तोंड, दक्षिणेला तदडीजवळ अघनाशिनीचं. या दोन मोकळ्या नद्यांच्या मधे गोकर्णाची लांब पुळण आहे, हे बघणाऱ्यानं मनात ठेवावं. त्यात वाळू उपसा धरा. खाडीच्या तोंडातून वाळू काढली की दांड्याची उंची कमी होते, लाट फुटायची जागा किनाऱ्याजवळ सरकते आणि उतार तीव्र झाल्याने ती एकदम कोसळायला लागते.

हे कल्पनेतलं नाही. स्पेनमधल्या मुंदाका गावची नदीमुखाची लाट जगात नावाजलेली. २००३ मध्ये वरच्या जहाज कारखान्यासाठी खाडीतली वाळू उपसली. दांडा बिघडला, लाट गेली, २००५ ची जागतिक स्पर्धा रद्द करावी लागली. नंतर नदीने हळूहळू वाळू परत भरली म्हणून लाट परत आली. कॅलिफोर्नियातल्या डाना पॉइंटला ते भाग्य मिळालं नाही. १९६६ मध्ये तिथं बंदराचा बांध सुरू झाला आणि ती लाट कायमची संपली.

---

मतलई

खानापूरवाला, अगदी मुद्द्याचं. त्याला एक जोड: दगडी संरक्षक भिंती. किनारा खचतो म्हणून भिंत घालतात. उतरत्या पुळणीवर लाट चढते आणि तिची ताकद वाळूत जिरते. भिंतीवर आपटलेली लाट तशीच उलटी फिरते, समोरून येणाऱ्या लाटेला धडकते, आणि भिंतीच्या पायाशी असलेली उरलीसुरली वाळूही उपसून नेते. भरतीला ज्या किनाऱ्यावर लाटा पुढं-मागं एकमेकींत घुसताना दिसतात, तिथं वर कुठंतरी दगड रचलेले सापडतील.

वादळांचंही लिहून ठेवतो. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. नेमका दुसरा हंगाम आपल्या सर्वांत चांगल्या महिन्यांवर येतो. वादळ दूर असलं तरी चालत नाही. डिसेंबर २०१७ चं ओखी आपल्यापासून लांब समुद्रातून गुजरातकडं गेलं, पण ३ तारखेला पौर्णिमा होती. उधाणाची भरती आणि वादळाची लाट एकत्र आली आणि उत्तर गोव्यात पाणी शॅकमध्ये घुसलं. मे २०२१ चं तौक्ते तर किनाऱ्याला घासूनच वर गेलं. वादळानंतर जुने दांडे पुसलेले असतात. पहिल्या ओहोटीला चालत जाऊन सगळं नव्यानं बघायचं. वाहून आलेले ओंडके, जाळ्यांचे तुकडे आणि नदीचं गढूळ पाणी यामुळं चार-पाच दिवस उतरू नये. अंगावर जखम असेल तर लेप्टो या तापाचा धोकाही आहे.

वायव्येची लाट मात्र वेगळीच. जानेवारी ते मार्चमध्ये अरबस्तानाकडून शमाल वारे सुटतात, त्यांची सहा ते आठ सेकंदांची लाट उत्तरेकडून तिरपी येते. नैऋत्येला तोंड असलेले बाव तेव्हा मेलेले असतात आणि उत्तरेकडं उघडे असलेले कोपरे चालू होतात. त्या महिन्यांत ओमवर पाणी सपाट दिसलं तर गोकर्णाच्या मोठ्या पुळणीवर जाऊन बघा.

---

उद्यमबाग_फायबर

बोर्डाचं माझ्याकडं. घाट चढ-उताराचं गणित बरेच जण विसरतात.

टपावर बोर्ड उलटा, उभं राहायची बाजू खाली, शेपूट पुढं, फिन (शेपटाखालची पाती) वर. असं बांधलं की वारा नाक उचलत नाही आणि पट्टा फिनला अडतो. साध्या बकलचा पट्टा वापरा. ट्रकवाल्यांचा दात्यांचा पट्टा आवळला की कडा दबून तडा जातो. पट्ट्याला मधे एक पीळ द्या, नाहीतर चोर्ल्यापर्यंत तो गुणगुणत राहतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. इथं हवेचा दाब खालच्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी. थर्माकोलसारख्या पांढऱ्या फोमचे जे एपॉक्सी बोर्ड येतात, त्यांच्या वरच्या बाजूला लहान स्क्रू असतो, हवा जायला. परतीला उन्हात तापलेला बोर्ड घाट चढतो, आतली हवा फुगते, आणि वरचा थर फोमपासून सुटून फुगवटा येतो. परत निघताना स्क्रू दोन फेरे सैल करा. आणि पाण्यात जायच्या आधी तो घट्ट केलाय का, हे बोटानं तपासा, नाहीतर बोर्ड पाणी पितो. काही बोर्डांचा स्क्रू स्वतःच हवा सोडणारा असतो, त्याला हात लावू नका. बंद गाडीत उन्हात बोर्ड ठेवणं तर कोणत्याच बोर्डाला चालत नाही.

दुरुस्ती: खड्डा पडला की गोड्या पाण्यानं धुवा, खड्डा खाली करून दोन-तीन दिवस सावलीत निथळू द्या. ओलावर रेझिन टाकलं तर आत पाणी कोंडतं आणि महिन्याभरात पिवळा डाग बाहेर येतो. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, भरण भरा, वर काचेचं पातळ कापड, घासत १२०, २२०, ४००. सगळ्यांत महत्त्वाचं: आपल्याकडं वर्कशॉपमध्ये सहज मिळतं ते पॉलिएस्टर रेझिन. ते पांढऱ्या थर्माकोल जातीच्या फोमला लागलं की फोम विरघळतो, हाताएवढी पोकळी पडते. त्याला फक्त एपॉक्सी. पॉलीयुरेथेन फोमच्या बोर्डाला दोन्ही चालतं. पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत एपॉक्सी वर चिकट, तेलकट थर सोडतं. तो पाणी आणि घासणीनं पुसल्याशिवाय दुसरा हात दिला तर सालपट निघतं.

बोर्डावर पाय घसरू नये म्हणून लावायचं मेण घेताना उष्ण पाण्याचं मागा. आपला समुद्र बहुतेक वर्षभर सत्तावीस ते तीस अंश असतो, थंड पाण्याचं मेण ओघळून जातं. शिकणाऱ्यांनी आठ-नऊ फुटी मऊ बोर्ड घ्यावा, पायाला बांधायची दोरी बोर्डाएवढी लांब. जिथं मासेमारीचे खुंट किंवा दोर आहेत तिथं दोरी अडकून माणूस पाण्याखाली राहू शकतो, तिथं उतरूच नका.

---

शहापूरकरीण

इथवर ओळखायचं झालं. आता ओळख मिळण्याचं.

जगात तीन तऱ्हा दिसतात. पहिली, नाव होणं. पोर्तुगालचं नाझारे हे मासेमारीचं गाव. समोर समुद्रात सुमारे पाच हजार मीटरपर्यंत उतरणारी दरी, त्यामुळं अटलांटिकची वादळी लाट तिथं प्रचंड उभी राहते. २०२० च्या ऑक्टोबरात सेबास्टियन स्टॉयटनर तिथं २६.२१ मीटरच्या लाटेवर उतरला, तो जागतिक विक्रम. दुसरी, मान्यता. 'सेव्ह द वेव्ह्ज' ही संस्था २००९ पासून जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्रं घोषित करते. २०१० मध्ये मालिबू, २०११ मध्ये युरोपातलं पहिलं एरिसेरा, २०२३ मध्ये ब्रिटनचा नॉर्थ डेव्हन किनारा, तोही असाच वादळांनी झोडपलेला. ती मंडळी लाटेचा दर्जा आणि सातत्य, परिसराचं पर्यावरण, तिथली सर्फिंगची परंपरा, आणि राखायला स्थानिक लोक व यंत्रणा तयार आहेत का, हे बघतात. या मान्यतेला कायद्याचं बळ आपोआप येत नाही. तिसरी, कायदा. पेरूने २००० साली लाटांच्या संरक्षणाचा कायदाच केला. तिथं लाटेची नोंद होते आणि नोंद झालेली लाट बिघडवणारं बांधकाम अडवता येतं.

आपल्याकडं भारतीय सर्फिंग महासंघ आहे. मुल्कीला २००४ पासून सर्फ क्लब आहे, ससिहित्लूच्या नदीमुखावर राष्ट्रीय स्पर्धा भरल्यात. होन्नावरजवळच्या कासरकोडला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. पण ब्लू फ्लॅगच्या ३३ निकषांत पाण्याची शुद्धता, स्वच्छता, सुरक्षा येते. लाट टिकते का, दांडा शाबूत आहे का, हे त्यात कुठंच नाही. २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूचे डोंगर, खारफुटी, कासवांच्या विणीच्या जागा यांना सर्वांत कडक संरक्षण आहे, लाटेला स्वतंत्र जागा नाही. म्हणून मार्ग असा निघतो: ज्या स्पॉटमागं वाळूचे डोंगर आहेत किंवा कासवं येतात, तिथं त्या नियमांच्या आधारानंच लाटही राखता येते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ही उदाहरणं समोर आहेत. किनारी व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा जनसुनावणीला येतो तेव्हा लेखी हरकत द्यायची, आणि हरकतीला पुरावा हवा.

पुरावा म्हणजे नोंदवही. दर अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला, एकाच ठरलेल्या दगडावरून किंवा खांबापासून, त्याच कोनातून फोटो. पाणी किती खाली आहे ते एखाद्या खडकावर रंगाची खूण करून मोजा. मग घड्याळ: एक माथा गेला की शून्य म्हणा आणि दहावा माथा जाईपर्यंत वेळ मोजा, त्याला दहाने भागलं की आवर्तकाल. वीस मिनिटांत स्वार होण्याजोग्या लाटा किती, त्या डावीकडं फुटतात की उजवीकडं, किती पावलं चालतात, वारा कुठून. कंपासने लाटेची दिशा. नदीमुख असेल तर पाण्याचा रंग. वर्षभर हे झालं की ऋतूप्रमाणं दांडा कुठं फिरतो ते कागदावर येतं. नंतर बांध किंवा उपसा आला, तर आधी काय होतं ते दाखवता येतं.

---

निपाणीकर

ताई, नोंदी कराव्यात याला दुमत नाही. जाहीर कराव्यात का, याला आहे. हरमलचं काय झालं ते सगळे बघतात. एकदा नकाशावर खूण पडली की पार्किंग, शॅक, रात्रीचे दिवे, आणि कासवांच्या पुळणीवर जीप. तेरेखोलच्या पलीकडची पुळण अजून शांत आहे. तिथल्या रापणकारांना आपण विचारलं का, त्यांना ही ओळख हवी आहे का?

---

सदाशिवगडकर

निपाणीकरांचं बरोबर हाय. ज्याची पुळण त्याला आधी विचारायचं. पण लपवून ठेवलेल्या लाटेवर बांध आला तर हरकत कोण घेणार? कोणाला माहीतच नसतंय.

---

शहापूरकरीण

दोन्ही सांभाळता येतं. नोंदवहीत अचूक अक्षांश-रेखांश, ती गावच्या मच्छीमार सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत एकेक प्रत. धाग्यावर फक्त किनाऱ्याचं नाव आणि कुठला वारा, कुठली लाट चालते एवढंच. नोव्हेंबर ते मार्च कासवांच्या पुळणींवर अंधार पडल्यावर थांबायचं नाही, बॅटरी मारायची नाही, बोर्ड वाळूतून ओढत न्यायचा नाही. आणि गाव नको म्हणालं तर ती नोंद धाग्यावर येणार नाही, सोसायटीत राहील.

---

निपाणीकर

या अटीवर मी तयार आहे. रेडी ते तेरेखोल पट्टा मी घेतो, पहिली चौकशी सोसायटीत करून मगच फोटोची जागा ठरवतो.

---

खानापूरवाला

मी वरून जोडतो. जून ते सप्टेंबर काळी आणि म्हादईच्या वरच्या पुलांवरून पाण्याचा रंग आणि पुराच्या खुणांची तारीखवार नोंद. धरणातून पाणी सोडल्याची सूचना येते ती तारीखही शेजारी लिहीन. सदाशिवगडकर काका, कोडसळ्ळी-कद्र्यातून पाणी सुटल्यावर तोंडाशी ते दिसायला किती वेळ लागतो, हे तुम्ही बघून सांगाल का?

---

सदाशिवगडकर

सांगतो. गढूळ रेघ तोंडाशी कधी पोचली ती वेळ लिहून ठेवतो, भरती होती की ओहोटी तेही. भरतीला ती रेघ पुलाच्या आतच अडकून राहते, म्हणून नुसती वेळ लिहून उपयोग नाही.